डाव्या कानातला माणूस

स्टुडिओत त्यांना सगळे बेडूककाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं होतं. एकोणीस वर्षं ते एका कार्टून मालिकेतल्या म्हाताऱ्या बेडकाला आवाज देत होते. मालिका दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत तयार व्हायची आणि इथं तिच्यावर आपल्या भाषेतले आवाज चढायचे. बेडूक एका चार मजली इमारतीचा दरवान. वर खारी, चिमण्या आणि एक विसराळू उंट राहायचे. बेडूक दिवसभर खुर्चीत झोपा काढी, कुणीतरी त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली उपडी करी, तो दचकून उठे आणि अख्ख्या इमारतीला फैलावर घेई. बावीस मिनिटांत सगळं जिथल्या तिथं. पुढच्या भागात पुन्हा खुर्ची, झोप, बादली.

रस्त्यात हा आवाज कुणी ओळखला नसता. काकांचा स्वतःचा आवाज बारीक आणि जरा नाकातला होता. बेडकासाठी ते हनुवटी छातीला टेकवत, जीभ मागे ओढत आणि पोटातून बोलत. त्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. ती म्हणायची, "घरात एकदा तरी असं बोलला असतात, तर भांडणाला काही रंगत तरी आली असती."

डबिंग ओठांवर चालतं असा लोकांचा समज आहे. कार्टूनच्या ओठांची चार-पाच चित्रं असतात, तीच आलटून पालटून फिरतात, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. काम चालतं श्वासावर. हेडफोनच्या एका बाजूनं मूळ नटाचा आवाज ऐकायचा, दुसरा कान स्वतःसाठी मोकळा ठेवायचा. तो जिथं श्वास घेईल तिथं आपण घ्यायचा, त्याचा संपेल तिथं आपला संपवायचा. काकांनी त्या नटाला डावा कान देऊन टाकला होता. त्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नाव मालिकेच्या शेवटच्या पाटीवर असायचं, पण ते परक्या लिपीत, आणि पाटी जाहिरातींसाठी कापली जायची. तरी तो जेवून आलाय की उपाशी, भांडून आलाय की काय, हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळे. एका वर्षी त्याचा 'स' निसटायला लागला आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा जागेवर आला.

"त्यानं कवळी बसवून घेतली," काका घरी म्हणाले.

"कुणी?"

"बेडकानं."

"बरं," बायको म्हणाली. "आता चावून खाईल."

दोन वर्षांपूर्वी डाव्या कानातला श्वास तुटायला लागला. आधी लांब वाक्याच्या शेवटी, मग मध्यावर. जिथं तो माणूस एका दमात पंधरा शब्द टाकायचा, तिथं आठांवर थांबून दुसरा श्वास घेऊ लागला. श्वास घेताना तळाशी काहीतरी खरखरे. आपल्या भाषेतली वाक्यं त्यात बसेनात. काका पेन्सिलनं शब्द काढू लागले आणि दिग्दर्शिकेला म्हणाले, "मॅडम, माझी वाक्यं आखूड लिहायला सांगा."

दिग्दर्शिका पस्तिशीची. शाळेत असताना ती ही मालिका बघायची, तेव्हाही काकाच बेडूक होते. तिनं वाक्यं आखूड करून घेतली आणि तिचा समज झाला तो भलताच. म्हातारा थकला, दम पुरत नाही. ही गोष्ट रेकॉर्डिस्टपर्यंत गेली, तिथून वाहिनीच्या ऑफिसात. एक दिवस जिन्यात गाठून ती म्हणाली, "काका, राग मानू नका. पुढच्या वर्षासाठी वाहिनीला दुसरा आवाज ऐकायचाय. तुम्ही एकदा छाती तपासून घ्याल का?"

"घेतो," काका म्हणाले.

घरी बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्ही सांगितलं नाहीत की दम तुम्हाला नाही, त्याला लागतो?"

"मी कोण सांगणारा? त्याचा आजार तो सांगेल."

"तो त्या टोकाला बसलाय. तुम्ही आहात हेसुद्धा त्याला माहीत नाही. इथं तुमची खुर्ची जातेय."

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. काका एकसष्ट वर्षांचे होते. लिफ्टमधलं 'दरवाजा बंद होत आहे', बँकेच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', अशी कामं पूर्वी त्यांच्याकडे असत. आता ती यंत्रं करत होती. बेडूक गेला की त्यांना स्टुडिओत पाय ठेवायला कारण उरलं नसतं. हे सगळं त्यांना कळत होतं. त्यावर काही वाटावं, तेवढं मात्र होत नव्हतं. ते छाती तपासून आले. निर्मळ होती. कागद त्यांनी खणात ठेवला आणि दिग्दर्शिकेला दाखवायचा राहून गेला.

मार्चमधल्या एका मंगळवारी ते स्टुडिओत गेले तेव्हा त्यांच्या हातात संवादांचा कागद पडला. एरवी आठ-दहा पानं असत. या वेळी एकच पान होतं आणि त्यावर एकच वाक्य.

"बाकीची पानं?" त्यांनी रेकॉर्डिस्टला विचारलं. तो त्यांच्याच वयाचा, पंचवीस वर्षं काचेपलीकडे बसलेला.

"एवढंच आहे," तो म्हणाला. "मॅडम येतायत. बस."

"तोंड का पाडलंयस?"

"खारीची बाई काल येऊन गेली. सकाळभर हसत होती, तिला विनोदच विनोद होते. दुपारी पुढचं लावलं आणि तिच्या तोंडून शब्द निघेना. उद्या परत बोलावलंय."

डबिंग प्रत्येक पात्राचं वेगळं होतं. ज्याची जेवढी वाक्यं, तेवढीच चित्रफीत त्याला दाखवतात. आख्खा भाग कुणीच बघत नाही. त्या दिवशी दिग्दर्शिकेनं काकांना आख्खा भाग दाखवला. त्याआधी तिनं सांगितलं की मूळ नट हिवाळ्यात गेला. फुप्फुसाचं दुखणं होतं, दोन वर्षांचं. तिकडच्या लोकांना त्याच्या जागी दुसरा आवाज नको होता, म्हणून त्यांनी बेडकालाही जाऊ दिलं.

"तुम्ही वाक्यं आखूड करायला सांगत होतात ती त्याच्यासाठी?"

"हो."

"आणि मी तुम्हाला छाती तपासायला पाठवलं. बोलला का नाहीत, काका?"

"लावा ना," काका म्हणाले. "बघू काय केलंय."

भाग नेहमीसारखा सुरू झाला. बेडूक खुर्चीत, टोपी डोळ्यांवर. उंट चावी विसरला आणि बेडकाशी हुज्जत घालत बसला. बेडूक उत्तर देत नाही म्हणून त्याला आणखी चेव आला. चिमण्यांनी त्याच्या पोटावर टपाल ठेवून दिलं. खारीनं बादली ओतली, पळून जाऊन जिन्याआड लपली आणि त्याच्या ओरडण्याची वाट पाहू लागली. ओरडणं आलं नाही. तिनं दुसरी बादली आणली. अकरा मिनिटं इमारतभर हेच चाललं होतं, आणि विनोद चांगले होते. मग खार जिन्याआडून बाहेर आली, खुर्चीजवळ उभी राहिली, तिनं त्याच्या टोपीतलं पाणी निथळवलं आणि टोपी पुन्हा नीट बसवली. तिथून पुढं पार्श्वसंगीत बंद होतं. सगळे आळीपाळीनं खाली येत होते आणि आपापल्या मजल्यावर परत जात होते.

शेवटच्या प्रसंगात खोली रिकामी होती. दरवानाच्या टेबलावर निरोप साठवून ठेवणारं एक जुनं यंत्र होतं. खारीनं बटण दाबलं आणि बेडकाचा आवाज आला. ते पहिल्या वर्षातलं, आठव्या भागातलं वाक्य होतं. तेव्हा त्यावर लोक खो खो हसले होते: "जाताय तर जा, पण दार ओढून घ्या, आणि येताना माझ्यासाठी काही आणू नका, मागच्या वेळी आणलेलं अजून पोटात फिरतंय!" यंत्र थांबलं. पुढची अकरा सेकंद पडद्यावर फक्त खुर्ची होती.

रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे तारा उगाच गुंडाळत होता. दिग्दर्शिकेनं नाक पुसलं. काकांनी अकरा सेकंद मोजली होती. त्याआधीच्या वाक्याला अंदाजे सात लागतील, असा हिशेबही केला होता.

"आपलं जुनं रेकॉर्डिंग मिळालं नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "त्या काळातल्या टेपा पुसून वापरल्या. नव्यानं बोलावं लागेल. थोडं हळवं करा, काका. वाहिनीचंही तेच म्हणणं आहे."

"हळवं कसं? त्याला कुठं ठाऊक आहे आपण जाणार ते? त्या दिवशी तो ओरडला होता. तसंच ओरडायचं."

"लोकांना रडू यायला हवं."

"ते लोक बघतील. मी ओरडतो."

काका काचेच्या खोलीत गेले. पहिला टेक वाया गेला. पडद्यावर बेडूक नव्हताच, त्यामुळे कधी सुरू करायचं ते कळेना. दुसरा वाया गेला, तिसराही. सातव्या टेकनंतर रेकॉर्डिस्टनं बटण दाबलं. "अरे, तू मध्येच थांबतोयस. 'ओढून घ्या'पाशी एकदा, 'आणू नका'पाशी एकदा. तो थांबत नाहीये."

काकांना हे जाणवलंच नव्हतं. ते त्या माणसाच्या आजारी श्वासाच्या मापानं बोलत होते. दोन वर्षं रोज ते माप पाळून त्यांची स्वतःची धडधाकट छाती तेवढ्यावरच थांबायला शिकली होती. जिन्यात, फोनवर, बायकोशी बोलतानासुद्धा ते आठव्या शब्दाला श्वास घेत असणार. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "चित्र बंद कर," ते म्हणाले. "नुसता त्याचा आवाज दहा वेळा लाव. मी बोलणार नाही."

आवाज लागला. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो माणूस डाव्या कानात शिरला आणि त्यानं भरपूर हवा आत ओढली. काकांनीही ओढली. तो बोलून संपला तशी काकांनी सोडली. दहा वेळा. बाहेरून बघणाऱ्याला एक माणूस उभ्या उभ्या दम घेतोय एवढंच दिसलं असतं. मग त्यांनी मान हलवली, हनुवटी छातीला टेकवली आणि ओरडले. एका दमात, मध्ये न थांबता, त्या जुन्या अजीर्णाच्या तक्रारीपर्यंत.

 पलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "झालं."

"पुन्हा घ्यायचं?"

"नाही. म्हटलं ना, झालं."

काकांनी गरम पाणी मागितलं आणि पावतीवर सही केली.

भाग रविवारी सकाळी लागला. बायकोनं आजवर एकही भाग पूर्ण पाहिला नव्हता. हा तिनं पाहिला. शेवटी ती तशीच बसून राहिली. लेकीचा फोन आला, रडण्यामुळे लेकीला बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं ठेवला आणि पुन्हा लावला, आणि पुन्हा तेच झालं.

"तुम्हाला काही होत नाही?" बायकोनं विचारलं.

"कुठं?"

"आत."

खिसे चाचपून पाहावेत तसं काकांनी जरा थांबून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "खारीनं चांगलं केलंय."

 बायकोनं उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप बघावा तसा, आणि आत गेली.

दहा दिवसांनी दिग्दर्शिकेचा फोन आला. इमारतीला नवा दरवान येत होता, साळिंदर. ती म्हणाली, "वाहिनीला मी सांगितलंय, दुसरा आवाज ऐकायचा नाही. साळिंदर तुम्हीच करायचं. मला तुमच्याबद्दल जे वाटलं होतं ते डोक्यात ठेवू नका."

"किती वाजता येऊ?"

"नमुना नको बघायला?"

"तिथंच बघू."

सोमवारी ते काचेच्या खोलीत उभे राहिले. नवा नट डाव्या कानात आला. तिशीतला असावा. श्वास वरवर, झपझप घेत होता, नाकानं, जिना चढत आल्यासारखा. पण खाली जागा भरपूर होती, कुठं खरखर नाही. काकांना पहिली दोन वाक्यं जुळली नाहीत, तिसरं जुळलं. दुपारपर्यंत सात प्रसंग झाले. आवाजासाठी हनुवटी वर करावी लागत होती, मान अवघडली.

मधल्या सुट्टीत दिग्दर्शिकेनं विचारलं, "कसा आहे हा?"

"छाती चांगली आहे. वीस वर्षं कुठं जात नाही."

"म्हणजे तुमचीही वीस वर्षं पक्की."

"मी नसेन तेव्हा," काका म्हणाले. "याला दुसरं कुणी लागेल. पुढचा प्रसंग लावा."