स्क्रीनवरचा झेंडू

मी कर्नलचं काम करते, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं. एखादी वस्तू जोडली की कर्नल तिच्या नावानं मेमरीत एक ऑब्जेक्ट तयार करतो. जो जो प्रोग्राम ती वापरतो, तो त्या ऑब्जेक्टला धरून असतो. अकोल्यात सासरी बसून मी दिवसभर हेच सांभाळते: कोण कोणाला धरून आहे, कोणी सोडलं.

अमरावतीला बाबांचं फुलांचं दुकान. तिथल्या वजनकाट्याचा ड्रायव्हर, म्हणजे काट्याचं वजन लॅपटॉपला कळवणारा प्रोग्राम, मीच लिहिला, आणि बाबांनी तो रोज बंद पाडला. दुकान बंद करताना प्रोग्रामची खिडकी न मिटवता आधी काट्याची वायर उपटायची, ही त्यांची खोड. वायर म्हणे करंट खाते! लॅपटॉप ठप्प व्हायचा, आणि मी फोनवर किंचाळायची, "बाबा, आधी खिडकी बंद करत जा ना!"

"तुया मशीनले सुधरव. मले काय सुधरवतं?"

वैताग असा, की त्यांचंच बरोबर होतं. वस्तू गेली म्हणून तिचं ऑब्जेक्ट लगेच फेकायचं नसतं. शेवटच्यानं सोडलं की मगच पुसायचं. तसं करून दिलं. बाबांनी ते आईला कौतुकानं समजावलं, "वस्तू गेली तरी धरणारा हाये तोवर मशीन तिले टाकत नाई. पोरगी हुशार हाये मायी."

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी वायर उपटली, शटर ओढलं, घरी येऊन छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत.

लॅपटॉप तसाच चार्जरला राहिला. खिडकीत त्यांनी केलेलं शेवटचं वजन: झेंडू, सव्वादोन किलो. आईनं त्याला कोणाला हात लावू दिला नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, बाई रडली म्हणून नाही. मला तिची भीतीच वाटायला लागली.

दसऱ्याच्या तोंडावर तिचा फोन आला. "दुकान उघडा लागते. झेंडू कोनासाठी थांबत नाई."

मूर्तिजापूर, बडनेरा करत मी एसटीनं पोचले. काट्याची वायर लावली, फुलं ठेवली. खिडकी आपली सव्वादोन किलोवरच.

"काहून दाखवून नाई राहिला?"

"आई, वायर परत लावली का मशीनसाठी तो नवा काटा होते. हे खिडकी जुन्यालेच धरून हाये. बंद करा लागन."

तिनं पदरानं स्क्रीनवरची धूळ टिपली. मी म्हटलं, "फोटो काढून ठेवू का?"

"फोटो त तुया बापाचाई हाये भितीवर. काय करू फोटोले?"

गिऱ्हाईक ताटकळत होतं. आईनं पदर खोचला. "कर बंद."

माझाच हात उठेना. हेच तर काम माझं, रोजचं. शेवटी तिनंच माझा हात धरून माऊसवर ठेवला.

खिडकी मिटली. स्क्रीनवरच बाजूला, मशीन आपल्या नोंदी लिहितं त्या काळ्या चौकटीत, एक ओळ उमटली. ड्रायव्हर तपासताना मीच कधीतरी मराठीत घातलेली.

"काय आलं?" तिचा चष्मा घरीच राहिला होता.

वाचायला नको होतं. वाचलं. "जुन्या काट्याला धरून आता कोणी नाही."

आई फुलांच्या पोत्यावर बसली.

"खोटं बोलते तुयं मशीन," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.