स्वरदाच्या सालची वाईन

नीलिमा वाईन बनवायची, पण प्यायची नाही. घोट तोंडात घोळवायचा, चव ओळखायची आणि थुंकून टाकायचा. वडील मारोती उरल्यातल्या रोलिंग मिलमध्ये जन्मभर राबलेले. आई कांताबाई रोज सकाळी पंचशील म्हणणारी. त्यातलं मद्याचं शील लेकीनं मोडलं नव्हतं, तरी नाशिकहून ही विद्या शिकून आलेल्या लेकीची नोकरी कांताबाईला कधी रुचली नाही.

नोकरी होती तात्यापारा मोहल्ल्यातल्या शरच्चंद्र वकिलांकडे. त्यांनी शहराबाहेर आरंगकडे द्राक्षं लावून छोटी वायनरी काढली होती. नात झाली, स्वरदा, तेव्हा ते म्हणाले, "या सालची लाल वाईन विकायची नाही. पोट्टीच्या लग्नात उघडू."

नेमकं तेच साल तापलं. फेब्रुवारीतच मळ्यात उभं राहवेना आणि रात्रीही गार होईनात. घडांत साखर भराभर चढली, आंबटपणा उतरत गेला; बिया मात्र चावल्या की अजून हिरव्या, कडवट. आता तोडावं तर कच्चा तुरटपणा येणार, थांबावं तर उरलासुरला आंबटपणाही जाणार. नीलिमा थांबली. रस निघाला तो पाकासारखा गोड. तिनं वरून आम्ल घातलं, पण ते चवीत मिसळलं नाही. वाईन झाली जड, घशाला चटका देणारी, मुरंब्याच्या वासाची.

"काय दमदार झाली!" वकील खूश झाले.

वर्षानुवर्षं मुरायचं तर वाईनला आंबटपणा आणि पिकलेला तुरटपणाच सांभाळून नेतात. इथे दोन्ही नव्हते. हे नीलिमाला तेव्हाच कळलं होतं. पण वकिलांच्या मांडीवर ती इवलीशी पोर होती. खरं सांगणं नीलिमाला जमलं नाही.

स्वरदा चार वर्षांची व्हायला आली तेव्हा नीलिमानं तपासायला एक बाटली उघडली. ग्लासच्या कडेला रंग इतक्यातच विटकरी झाला होता. वास सुकलेल्या खजुराचा, आणि घोटामागे चव काहीच नाही.

घरी ताटावर ती नुसती बसून राहिली.

"काहून जेवून नाही राहिली?" कांताबाईनं विचारलं.

"वकीलसाहेबांची वाईन नाही टिकत, आई. नातीसाठी ठेवलेली."

"सांगितलं त्यायले?"

"नाही."

कांताबाईनं पोळी वाढली. "दारूचं मले नाही समजत. पण खोटं न बोलनं बी शीलच हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी नीलिमानं सांगितलं. वकील भडकले. "तू पीत नाहीस, तुले काय समजते?"

ते तिला लागलं. तिनं दोन ग्लास भरले: एक स्वरदाच्या सालचा, दुसरा त्याच्या आधीच्या थंड हिवाळ्याचा. वकिलांनी दोन्ही चाखले. जुनी वाईन अजून तरतरीत होती, नवी थकलेली. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"किती दिवस आहेत या वाईनचे?"

"यंदाच पिऊन टाका. पुढं काही राहणार नाही."

"हे तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"पोर तुमच्या मांडीवर होती. धीर झाला नाही," नीलिमा म्हणाली.

स्वरदाच्या वाढदिवसाला त्या बाटल्या तात्यापाऱ्याच्या घरी उघडल्या. "अंकल, एकदम स्मूद है!" पाहुणे म्हणत होते. आंबटपणा आणि तुरटपणा गेल्याचाच तो मऊपणा होता, पण हे सांगायचं कुणाला? वकिलांनी ग्लासला हात लावला नाही. नीलिमा निघाली तेव्हा ते तिच्याजवळ आले.

"यंदा कशी होईल?"

"घडांवर पानांची सावली जास्त ठेवली आहे. पण रात्री अशाच गरम राहिल्या, तर माझ्या हातात काही नाही."

"काही झालं तरी तोडणीलाच खरं सांगशील?"

"हव," ती म्हणाली.

वकील आत गेले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याच नावानं बाटल्या ठेवल्या नाहीत.