राजाभाऊंनी बदललेलं वाक्य

अहवालाचा मसुदा राजाभाऊ नेहमी उभ्याने आणि मोठ्याने वाचायचे. वाचता वाचता जिथे दम लागेल तिथे पेनाने रेघ मारायचे आणि म्हणायचे, "पोरी, इथं माहा जीव गेला. साहेबाचा त पह्यल्याच ओळीत गेला असन."

डोणगावचे राजाभाऊ खामगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. शेतमालासाठी नवी यंत्रं निघतात. ती कशी असावीत, कशी तपासावीत याची मानकं ठरवणारी एक समिती आहे. तिथे बसणारे सगळेच काही तंत्रज्ञ नसतात. त्यांना समजेल अशा भाषेत या यंत्रांवर अहवाल लिहून देणं, हे राजाभाऊंचं काम. शेतीविषयक मासिकातली नोकरी सोडून मी त्यांच्या हाताखाली लिहायला शिकले.

सुरुवातीला मी 'संवेदकाचे अंशांकन' असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे काय?"

"यंत्र बरोबर मोजतं का, ते तपासून जुळवणं."

"मंग हेच लिव ना. वाचणाऱ्याले दोनदा वाचा लागलं, त लिवणाऱ्यानं कामच नाही केलं."

एकदा समितीतल्या एका वयस्कर सदस्यांचा फोन आला. आपण कशावर हात वर करतोय हे आज पहिल्यांदा कळलं, असं ते म्हणाले. फोन ठेवून राजाभाऊ खिडकीशी गेले. "लोकं मूर्ख नसतात, पोरी," ते म्हणाले. "त्याईले वेळ नसते." त्या दिवशी मला वाटलं, जन्मभर याच माणसाकडे काम करावं.

मग कॅमेऱ्याने कापसाची प्रत ठरवणारं यंत्र आलं. ते पाहायला आम्ही एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात गेलो. उंद्रीच्या कमलबाईंचा कापूस सकाळी उघड्यावर यंत्राखाली धरला, तर पहिली प्रत निघाली. तोच कापूस संध्याकाळी शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली धरला, तर तिसरी, म्हणजे भावही कमी. कमलबाई यंत्राकडे बघत म्हणाल्या, "कापूस तोच, मीबी तेच. मंग प्रत काऊन घसरली?"

"हे लिवून देतो आम्ही, बाई," राजाभाऊ म्हणाले.

घरी येऊन आम्ही वाक्य घडवलं: 'उजेड बदलला की हे यंत्र त्याच कापसाला वेगळी प्रत देते, म्हणून यंत्रात ठरावीक उजेडाची बंद पेटी सक्तीची करावी.' राजाभाऊंनी ते उभ्याने वाचलं. रेघ मारली नाही.

छापून आलेल्या अहवालात ते वाक्य नव्हतं. त्या जागी होतं: 'प्रकाशस्थितीनुसार निष्पत्तीत किरकोळ तफावत संभवते.' पेटीचा उल्लेखच नव्हता. मानक तसंच मंजूर झालं होतं. माझं डोकं फिरलं. राजाभाऊंच्या नावावर असलं वाक्य खपवलं म्हणून मी समितीच्या कार्यालयात फोन लावला आणि तिथल्या सचिवबाईंशी भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तो बदल राजाभाऊंनीच करून पाठवला," त्या म्हणाल्या. "आम्हाला तर तुमचं पहिलं वाक्यच बरं वाटलं होतं."

मी तशीच राजाभाऊंच्या घरी गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

"हाव, म्याच बदललं. कंपनीचा माणूस आहे समितीत. त्याले ते वाक्य चालत नव्हतं. आन् मले समितीवर घेऊन राह्यले. सारी जिंदगी बाहेर बसून लिवलं, पोरी. आतमधून जास्त काम करता येते."

"आणि कमलबाई?"

"पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"त्या 'किरकोळ' शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत होता."

ते हळूच म्हणाले, "ज्याले उघडून दाखवता येते, त्यालेच झाकताबी येते." त्यात शरम होती की समजावणं, मला कळलं नाही. त्यांनी चहाला थांब म्हटलं. मी थांबले नाही.

राजाभाऊ समितीवर गेले. ती पेटी अजून मानकात आलेली नाही. मी आता स्वतंत्रपणे लिहिते. परवा त्यांनी एका नव्या यंत्रावरचा आपला मसुदा मला पाठवला. सोबत निरोप होता, 'वाचून पाह्य, कुठं अडते काय.' मी वाचायला बसले. अगदी स्वच्छ, सोपं मराठी. शेवटपर्यंत कुठेही अडले नाही, आणि एकाही शब्दावर माझा विश्वास बसला नाही.