काटेवाल्याची बादली

आमच्या शेजारचा काटेवाला भोपळ्याच्या रोपांना दारू पाजतो, ही बातमी गल्लीत चार दिवस चांगली चालली. पाजतो म्हणजे रीतसर, माप लावून, गुडघे टेकून, वर रोपांशी गप्पा मारत. बातमी खोटी होती. हे मी खात्रीने सांगते, कारण ती मीच सोडली होती. आमच्या दोन परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि कपडे वाळत घालताना माणसाचे डोळे काही दोरीवरच राहत नाहीत. उन्हं उतरली की हा माणूस गढूळ, हिरवट काहीतरी घेऊन वाफ्यात बसायचा. मी दूधवालीला एवढंच म्हटलं, "दारूच दिसते." पुढचं तिने केलं.

पाचव्या दिवशी तोच भिंतीशी आला. "वहिनी, मी दारू पाजतोय म्हणे. कोणती ते तरी सांगून ठेवा, दुकानात गिऱ्हाइकं विचारतात."

मग त्याने पुडी उघडून दाखवली. हिरवट पूड, ओल्या लाकडासारखा वास. "जिवंत बुरशी आहे ही. चांगली. मातीतल्या वाईट बुरशीला खाते. पाण्यात कालवून मुळाशी ओतायची, आळवणी म्हणतात."

"म्हणजे गुंडांवर पहिलवान सोडायचे."

"पहिलवान जिवंत पोचले तर."

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. बाजारात जिन्याखाली त्याचं दुकान, आत दोन माणसं असली तर तिसऱ्याने श्वास बाहेरच घेऊन यावा. किराणावाल्याचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यात बाळं तोलायचे, सगळे काटे त्याच्याच हातून सरळ होतात. लग्न केलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाला, "समोरच्या पारड्यात कुणी बसलंच नाही." घरात थोरली बहीण. तिला तो ताई म्हणतो, म्हणून गल्लीच्याही त्या ताईच. वीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा एक ट्रंक घेऊन चार दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या. नवरा डासांच्या तापाने नऊ दिवसांत गेला होता. तेव्हापासून त्या घरात साचलेलं पाणी कुणी पाहिलेलं नाही. कुंड्यांखालच्या बशा ताई पालथ्या घालतात. माझ्यासुद्धा, भिंतीवरून हात घालून.

आणि भोपळा कशाला, तर दरवर्षी बागवाल्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात चार माणसांनी चादरीत घालून उचलायचे भोपळे येतात. तोलायचा काटा याचा. तीस वर्षं हा माणूस काटा शून्यावर आणतो, बाजूला उभा राहतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि दुसऱ्याची पाठ थोपटतो. एकदा काट्याच्या फळीवर आपला भोपळा असावा आणि आकडा दुसऱ्या कुणी वाचावा, एवढंच त्याला हवं होतं. दरवर्षी जिंकणाऱ्या म्हाताऱ्या माळ्याने जाण्याआधी त्याला काड्यापेटीत घालून तेरा बिया दिल्या. माळी गेला, बागेवर गोदाम उभं राहिलं, ते बी आणखी कुठे उरलं नाही. पहिल्या वर्षी पाच रोपं मुळं कुजून गेली. दुसऱ्या वर्षी पाच. माती जणू वाट बघत बसलेली. राहिल्या तीन.

म्हणून यंदा ही पूड. सोनाराच्या नाजूक काट्यावर तो ती तोलायचा, लिटरला पाच ग्रॅम, आणि तोलताना मला बोलू द्यायचा नाही, श्वासाने पूड उडते म्हणून. माझ्या श्वासाने म्हणे. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्यात ही बुरशीही मरते. म्हणून बादली भरून दोन दिवस उघडी ठेवायची, औषध उडून जाऊ द्यायचं. मग कालवायचं, माती आधी जरा ओली करायची, आणि खोडापासून वीतभर लांब, अर्ध्या लिटरच्या मापाने सावकाश ओतायचं. दर दहा दिवसांनी.

दुसऱ्या आळवणीनंतर पहिलं रोप गेलं. दुपारी पानं मान टाकायची, संध्याकाळी सावरायची, एका संध्याकाळी सावरली नाहीत. उपटलं तर मुळांच्या जागी भिजलेला तपकिरी दोरा हाताला आला. आठवड्याने दुसरं गेलं. तो पुडीवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचायचा, काटा पुन्हा शून्यावर आणून बघायचा. मी म्हटलं, "पहिलवान गुंडांना जाऊन मिळाले की काय?" तो हसला नाही.

तिसरं रोप दुपारी मान टाकू लागलं, त्याच आठवड्यात एकदा बाजार बंद होता म्हणून तो भर दुपारी घरी आला. ताई बादलीवर वाकल्या होत्या, हातात पांढऱ्या पुडीचा डबा. मी दोरीशीच होते.

"ताई, काय घालतेस?"

"ब्लीचिंग पावडर. तू मेल्या दोन-दोन दिवस बादली उघडी टाकून जातोस. ओतून देऊ म्हटलं तर तुला राग येतो. मग चिमूटभर घालते, डास नकोत."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या लक्षात कुठे राहतं काही."

ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांची चिमूट म्हणजे चांगली अर्धी मूठ असते. काटेवाल्याने त्यांच्या हातातला डबा घेऊन झाकण लावलं. मग म्हणाला, "बरं केलंस. ऊन लागेल, आत जा."

माझ्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते, ते तिथेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला एवढी मोठी बातमी मिळाली आणि ती गल्लीत नेता येईना.

दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात पाणी उघडं ठेवून कॅनमधून आणू लागला. पहाटे, ताई उठायच्या आत, तिसऱ्या रोपाला आळवणी. दोनदा केली. पण खोड जमिनीलगत मऊ पडलं होतं, बोट लावलं तर पाणी सुटायचं. त्यानंतर चौथ्या दिवशी ते आडवं झालं. काड्यापेटी रिकामी होती. त्याने ती तरीही फडताळात ठेवली.

ताईंना हे कुणी सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, "रोप कसं आहे रे?" आणि हा म्हणतो, "पितंय." त्यांना आता माणूस आकारापुरता दिसतो, छापलेलं अक्षर दिसत नाही. वाचून दाखवणारा एकटा तोच, आणि हे तो काही दाखवणार नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा दहावा दिवस होता. उन्हं उतरली तशी ताईंनी बादली भरून दाराशी ठेवली, वरून चिमूटही घातली असणार. काटेवाला ती उचलून वाफ्यात गेला. मला राहवेना, मीही भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेले. आळ्यात वाळून काळी पडलेली काडी होती, आणि हा तिच्यापासून बरोबर वीतभर लांब, गुडघे टेकून, सावकाश पाणी सोडत होता. पूड कालवलेली नव्हती. नुसतं ताईंचं पाणी.

दुसरं माप मीच बुडवून भरलं, पण दिलं नाही. म्हटलं, "भाऊजी, मेलेल्याला किती पाजणार? दारूचीच बातमी खरी करता का?"

त्याने हात पुढे केला.

"वहिनी, तुम्ही ताईच्या खिडकीसमोर आलात. बाजूला व्हा, तिला मी दिसायला हवा. आणि ते माप द्या इकडे."