भिंगकाकांनी टीव्ही घेतला

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगकाकांनी एकोणचाळीस वर्षं काढली. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाने कडा उतरवायच्या, आणि मालक बाहेर गेले की पुढे येऊन गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं. "हे स्पष्ट दिसतंय की हे?" असं विचारत एकेक भिंग बदलायचं. "दोन्ही सारखंच" म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग यायचा. दोन भिंगं सारखी असतीलच कशी, म्हणून ते घरी येऊन बायकोपाशी कुरकुरायचे. पुढे निवृत्त झाले, दुकान सुटलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या बायकोने ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्यात उभी हयात घालवली. त्यांना सगळी गल्ली बाई म्हणायची. ओठ कसे हलतात, जीभ कुठे टेकते हे मुलांना पुन्हा पुन्हा दाखवता यावं म्हणून शाळेत धड्यांचं व्हिडिओ चित्रण करत. काही वर्षांनी शाळेने त्या कॅसेटी भंगारात काढल्या, तेव्हा बाईंनी चौदा कॅसेटी आणि त्या लावायचं मशीन रिक्षात घालून घरी आणलं. एकेका कॅसेटवर एकेका मुलाचा पहिला शब्द होता.

एका मंगळवारी बाईंच्या मोबाइलवर निरोप आला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता छापखान्यात पुस्तकबांधणी करत होती. यंत्रांच्या खडखडाटाचा त्रास न होणारी कारखान्यातली ती एकटीच, असं ती स्वतःच गमतीने लिहायची. येत्या रविवारी ती भेटायला येणार होती आणि तिला आपली कॅसेट बघायची होती. बाईंनी हौसेने टीव्ही लावला. पडद्यावर मधोमध एक पांढरी रेघ आली, थरथरली आणि विझली. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि नकारार्थी मान हलवून पुन्हा लावून टाकलं.

"नवा घेऊ," भिंगकाका म्हणाले. "स्पष्ट काय ते मला कळतं."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. भिंतभर वीस-बावीस टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच लाल पोपट. तोच पोपट इथे शेंदरी होता, तिथे डाळिंबी, पलीकडे विटकरी. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक ताई पुढे आल्या.

"ताई, ह्यातला खरा लाल कुठला?"

"तुम्हाला आवडेल तो, काका."

"माझ्या आवडीचं सोडा. पोपट कसा होता?"

ताईंनी पोपट पाहिला नव्हता. त्यांनी विषय बदलला. "तुम्हाला एचडी हवा, फुल एचडी हवा की फोर के?"

"फरक काय?"

"ठिपक्यांचा. ह्यात साधारण दहा लाख, ह्यात वीस लाख, आणि ह्या मोठ्यात ऐंशी लाख."

"आणि कॅसेटमध्ये किती असतात?"

"कॅसेट?" ताईंनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी कपाटातून एक चपटा प्लेअर काढला. त्यात डिस्क चालत होती, पेन ड्राइव्ह चालत होता, कॅसेट तेवढी चालत नव्हती. जुन्या मशीनच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना खोचायला बहुतेक टीव्हींना मागे भोकंच नव्हती. मध्ये एक डबी लावावी लागेल, ताई म्हणाल्या. डबी लावल्यावर चित्र चांगलं दिसेल का, ह्यावर मात्र त्यांनी "दिसायला हवं" एवढंच उत्तर दिलं.

भिंगकाकांनी खिशातून कागद काढला आणि सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी दोन टीव्ही निवडले, चार पावलं मागे सरकले, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. ताईंनी विचारलं, "मग, कुठला जास्त स्पष्ट वाटतो?"

"दोन्ही सारखेच," ते म्हणाले, आणि स्वतःचेच शब्द ऐकून इतके शरमले की काही न घेता घरी आले.

घरी मेहुणे येऊन बसले होते. "मोठ्यात मोठा घ्या," ते म्हणाले. "टीव्ही काय आपण रोज घेतो? आणि त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. हल्ली सगळे तेच करतात."

उतरवून देणाऱ्याला फोन केला, तर तो तीन आठवडे लागतील म्हणाला. रविवार चार दिवसांवर होता. भिंगकाका आपला कागद उलटसुलट वाचत राहिले. स्वतःच्याच हाताने लिहिलेलं, पण 'डबी' शब्दापलीकडे त्यांना काही उलगडेना.

"उद्या मी येते," बाई म्हणाल्या. "मशीनही बरोबर घेऊ."

गुरुवारी दुपारी दोघं मशीन आणि कॅसेट पिशवीत घालून दुकानात हजर झाले. ताईंनी तक्रार न करता डबी आणली आणि मेहुण्यांच्या पसंतीच्या भल्यामोठ्या टीव्हीला सगळं जोडलं. चित्र आलं. सहा वर्षांची एक मुलगी आरशासमोर बसली होती, पण तिचा चेहरा दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा रुंद झाला होता, आणि ओठांच्या जागी नुसता गुलाबी फराटा. शेजारच्या पडद्यावर पोपटाचं पीस न् पीस मोजता येत होतं.

"हा बिघडलाय," भिंगकाका म्हणाले.

"एकदम कोरा आहे, काका."

"मग कॅसेट गेली असेल."

"आवाज बंद करा," बाई मध्येच म्हणाल्या. "ती आवाजाशिवाय बघणार आहे. मलाही तसंच बघू दे." त्या स्टुलावर बसून पडद्याकडे टक लावून राहिल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली. ओठांवरचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

भिंगकाका सवयीने मागे सरकू लागले. सरकत सरकत फ्रिजच्या रांगेपर्यंत पोचले आणि तिथून ओरडले, "अगं, इथून जरा दिसतंय!"

"आपल्या घरात एवढी लांबी आहे का?" बाईंनी विचारलं.

तोवर ताईंनाही ह्या कोड्यात रस वाटू लागला होता. त्यांनी कोपऱ्यातला एक लहान टीव्ही पुढे ओढला. त्याला मागे तिन्ही पिनांची भोकं होती, डबीसुद्धा लागली नाही. रिमोटची बटणं दाबत त्यांनी ताणलेलं चित्र चौकोनी केलं आणि चित्र गुळगुळीत करणारी कसलीशी सोय बंद केली. पडदा लगेच खरखरीत झाला, पण त्या खरखरीतून ओठ निघाले. वरचा, खालचा, मधली फट.

"हाच," बाई म्हणाल्या.

"अगं, पण हा फुल एचडीसुद्धा नाही!"

"नसेना."

एवढे लाखो ठिपके सोडून कमी ठिपक्यांचा टीव्ही जास्त स्पष्ट कसा, हे भिंगकाकांना वाटेत कळलं नाही आणि घरी पोचल्यावरही कळलं नाही. आपल्याला कुणी फसवलं की आपणच फसून आलो, ह्याचा विचार करत त्यांनी खोका उघडला.

रविवारी विद्यार्थिनी आली. बोटांना डिंकाचा वास, हातात स्वतः बांधलेली कोरी वही. थोडं बोलून, थोडं हातांनी, थोडं वहीत लिहून गप्पा झाल्या. बाईंनी कॅसेट लावायच्या आधी वहीत लिहिलं, "तुझा पहिला शब्द, पाणी." शाळेत त्यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली होती.

पडद्यावरची मुलगी ओठ मिटून उघडायची, पुन्हा मिटून उघडायची. भिंगकाकांच्या कानाला फुसफुशीत आवाजात 'बा' की 'पा' असं काहीतरी आलं. पुढचं टेपच्या खरखरीत बुडालं. पडद्यावरच्या तरुण बाईंनी टाळी वाजवली आणि मुलीच्या हातात पाण्याचा पेला दिला.

विद्यार्थिनीने हात वर केला. परत लावायला सांगितलं. तीनदा, चारदा बघितलं. मग ती सावकाश, जड आवाजात म्हणाली, "पाणी नाही. बाई."

"प, ब, म, ओठांवर सगळं एकच दिसतं," बाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या. "मीच मुलांना शिकवायचे हे."

विद्यार्थिनीने पडद्यावरच्या पेल्यावर बोट ठेवलं. चित्र पुढे सरकलं. मुलीने पेला दोन्ही हातांत धरला, बाईंकडे बघत राहिली, आणि धडा संपला तेव्हा भरलेलाच पेला आरशापाशी ठेवून दिला. एक घोटही प्यायली नव्हती.

"मग घेतलास कशाला?" बाईंनी विचारलं. तिने ओठ वाचले आणि हसली. "तुम्ही दिलात."

खरंच तिने काय म्हटलं होतं, ते आता कुणाला सांगता येणार? तिला स्वतःला तरी खात्री होती की नाही, भिंगकाकांना समजेना. निघताना तिने बाईंना मिठी मारली, आणि वही तिथेच ठेवून गेली.

ती गेल्यावर बाई बंद टीव्हीसमोर मान खाली घालून बसल्या होत्या. भिंगकाकांना वाटलं, रडतायत. जवळ जाऊन बघितलं तर त्या वहीच्या पानावर एकाखाली एक तेरा नावं लिहीत होत्या.

"उरलेल्या कॅसेटी काढा," त्या म्हणाल्या. "आवाज बंद ठेवा. बाकीची मुलं काय म्हणत होती, ते बघायचंय मला."