खणखणीत उत्तर

लघवीवर ताबा न राहणाऱ्यांसाठी कमरेखालच्या मज्जातंतूला हलका विद्युतप्रवाह देणाऱ्या यंत्राची चाचणी चालली होती. त्यासाठी आम्ही रुग्णालयातल्या बाकावर बसलो होतो. तरुण डॉक्टरांनी माझ्या शेजारी बसलेल्या सुमनताईंना कुजबुजत विचारलं, "काकू, या आठवड्यात किती वेळा...?"

"कपडे ओले झाले? चार वेळा," निवृत्त शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या. "आणि हळू कशाला विचारता? मी काय चोरी केलीय?"

गुडघा दुखला तर आपण गावभर सांगतो. या दुखण्यापायी मात्र मी सहा वर्षं लग्नकार्यं टाळली, सख्ख्या बहिणीलाही खोटी कारणं दिली.

डॉक्टर माझ्याकडे वळले.

"रोज," मी म्हणाले. बाकाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.