चेहरा कुणाला दाखवायचा

कारखान्यातून आले की मी आधी दाराला कडी लावते आणि मग मोबाईलमधल्या परवानग्या बघते. कॅमेरा कुणाकुणाला दिलाय त्याची सेटिंगमध्ये एक यादी असते. वर ज्यांना दिलाय ते, खाली ज्यांना नाकारलाय ते. माझ्या फोनात वर कुणीच नसायचं. तरी बघायचे. काल बंद केलेलं आज आपोआप चालू झालं असलं तर?

हे खूळ डोक्यात शिरलं एका हिरव्या ठिपक्यामुळं. फोन दुसऱ्याच्या हातचा, कोल्हापुरात आल्यावर घेतलेला. एकदा तो भांड्यांच्या फळीवर टेकवून, गाणी लावून मी केस विंचरत होते. कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला. मी कशालाच हात लावला नव्हता. जरा वेळानं विझला. कामावर शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "कॅमेरा चालू हाय म्हणून सांगतोय त्यो. कोण तरी बघतंय की तुला." ती हसली, मी डबा झाकून ठेवला. मग तिनंच परवानग्या कुठं असतात ते दाखवलं. आधीच्या मालकाचं फोटो गोरे करायचं कसलंसं ॲप आत तसंच राहिलं होतं. ते काढलं. बाकी सगळ्यांचा कॅमेरा बंद केला आणि समोरच्या भिंगावर एक टिकली चिकटवून टाकली.

तुला कोण बघणार आहे बाई, असं कुणी म्हणेल. आहे एक. मी वाशीम जिल्ह्यातली. नवऱ्याचं घर सोडून आधी मायकडे राहिले. तो तिथं येऊन दारात दंगा करायचा, गल्ली गोळा व्हायची. शेवटी अकोल्याला येऊन गाडीत बसले आणि गाडी जिथं संपते तिथं उतरले. म्हणून कोल्हापूर. कुठं आहे ते माहेरी सांगितलं नाही. "लांब आहे, कामावर आहे," एवढंच. कारण माहेरी वहिनी आहे, आणि वहिनी त्याच्याच गावची, त्याच्याच भावकीतली. माझं लग्न तिनंच जमवलं होतं.

एकट्या बाईला खोली कोण देतं? कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आक्कांनी दिली. आक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. नवरा कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते हे, "भाकरी येती का थापाय? न्हाईतर आमच्यात जेव." एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामालाही त्यांच्याच शब्दावर लागले. सातवीत शाळा सोडलेल्या मला दुसरं कोण उभं करणार होतं? ओतकामात लोखंडाच्या आत जिथं पोकळी ठेवायची, तिथं साच्यात वाळूचा घट्ट ठोकळा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. आम्ही बाया ते कोअर करतो, त्यांच्या कडा हातानं घासतो. दिवसभर वाळू आणि हात.

तर त्या वहिनीचा फोन आला.

"बाई, रेशन कार्डावरच्या साऱ्याइले केवायसी करा लागते. तू नाई केली तर तुयं नाव कटते."

मला धडकीच भरली. सासरच्या कार्डावरून माझं नाव कधीच गेलं होतं. मी परत आले तेव्हा मायनं तहसीलला खेटे घालून ते आपल्या कार्डावर पुन्हा चढवून घेतलं होतं. तेवढ्या एका जागी मी त्या घरातली होते. बाकी घरात माझी पेटीसुद्धा नाही. ते नाव गेलं की कुणी म्हणू शकत होतं, ही कोण?

आक्का मला गावातल्या रेशन दुकानात घेऊन गेल्या. कुठल्याही गावात अंगठा देता येतो, दुकानदार म्हणाला. मी दिला. परत दिला. पदराला पुसून दिला. मशीन नुसतं टुं टुं करतंय. दुकानदार माझा हात उजेडात धरून बघत म्हणाला, "पावणं, ह्यो अंगठा हाय का पाट्यावरचा वरवंटा? रेघच न्हाय राहिली. तुमी असं करा, मोबाईलवर तोंड दाखवा. घरबसल्या हुतंय."

घरी येते तो वहिनीनं लिंक पाठवलेली. हे ॲप घे, चेहरा दे. आता मला सांगा, अंगठा उठत नाही हे मी माहेरी कुणाला बोललेही नव्हते आणि हिची लिंक हजर. माझा चेहरा हिला कशाला हवा? चेहऱ्याबरोबर माझा ठावठिकाणाही त्या गावात पोचला तर? मी लिंकला हात लावला नाही. चार दिवस वहिनीचा फोनही उचलला नाही. नाव कटायच्या भीतीनं झोप नाही आणि चेहरा द्यायच्या भीतीनंही नाही.

आक्कांना राहवेना. "तिची वाट नगं असंल तर नगं. दुकानात भिताडावर ॲपचं नाव लावलंय की त्यानं. आपलं आपण हुडक."

सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून हुडकलं. एक ॲप घेतलं तर ते म्हणतं, चेहरा ओळखायला आणखी एक घ्या. एकाला दार उघडलं की तो दुसऱ्याला आत घेऊन येतो. मला ते मुळीच आवडलं नाही, पण घेतलं. आधार नंबर टाकला. ओटीपी गेला भावाच्या नंबरवर, कारण आधार त्यालाच जोडलेलं. तो फोन दिवसभर वहिनीकडे असतो. म्हणजे फिरून तिच्याच दारात.

लावला फोन. म्हटलं, "वहिनी, एक नंबर आला असेल बघ, सांग."

"नाई सांगत."

"अगं, केवायसीचाच आहे."

"कोणाले सांगू नका म्हणते ते मोबाईलवाली. आवाज तर आजकाल कोनीबी काढते. तूच बोलून राह्यली हे मले कसं समजीन? चार दिवस फोन उचलत नाई अन आज नंबर मांगते! व्हिडिओ लाव, तोंड दाखव, मंग सांगतो."

मी आक्कांकडं बघितलं. फोन स्पीकरवर होता. तोंडावर हात ठेवून हळू म्हटलं, "बघा आक्का, मी म्हणत नव्हते? हिला मला बघायचंच आहे."

वहिनीला ते ऐकू गेलं असावं. एकदम वरच्या पट्टीत सुरू झाली, "मले कायले पाह्याचं तुले? तुयी माय! तिले ऐकू येत नाई, तुले मालूम हाये ना? तुया फोन आला, तू बरी हायेस, मी हातवारे करकरून सांगतो. तिले खरं वाटत नाई. पोरगी मेली अन तू माह्यापासून लपवून राह्यली म्हणते मले. माह्या हातचं जेवत नाई दोन-दोन दिवस. सांग, मी काय करू?"

माझं बोलणं मायपर्यंत पोचतंय असंच मी धरून चालले होते. वहिनी सांगतच असेल, एवढाच विचार केलेला. बहिऱ्या माणसाला कुणी सांगितलेलं खरं कसं वाटायचं, हे मनात आलंच नव्हतं. आणि तरीही, तेवढ्यातही, मनात आलंच की हे सगळं रचून तर सांगत नसेल ना?

आक्कांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "खोटं असंल तर एकटं तिचं तोंड दिसंल, फोन बंद कर. खरं असंल तर म्हातारी दिसंल. बघितल्याबिगर कसं कळंल गं?"

मी उठले. सोप्यातल्या भिंतीवर सहकारी दूध संस्थेचं कॅलेंडर होतं, खाली ठळक अक्षरात पत्ता. ते उतरवून उलटं ठेवलं. दार लोटून घेतलं, बाहेर कुणी नाव घेऊन हाक मारली तर? मग व्हिडिओचं बटण दाबलं. कॅमेऱ्याची परवानगी नाही, असं आलं. सेटिंगमध्ये गेले. खालच्या भागातून फोनचं ते ॲप शोधलं. 'परवानगी देऊ नका' वर माझी खूण होती. खूण हलवली. हिरवा ठिपका पेटला.

तिकडून वहिनी, "अंधार दिसून राह्यला. कोण हाये वो तू? ठेवतो मी फोन."

"थांब! मीच आहे!" मी फोन हलवते, खिडकीकडं धरते, तरी काळं ते काळंच.

आक्का वाकून बघायला आल्या आणि खो खो हसत सुटल्या. "आगं येडे, त्याच्या डोळ्यावर टिकली लावल्यालीस, त्यो काय कप्पाळ बघंल?" नखानं त्यांनीच ती खरवडून काढली.

वहिनी दिसली. दिसली म्हणजे तिची हनुवटी आणि छप्पर. मग फोन गोल फिरला, जमीन दिसली, सूप दिसलं, आणि माय. ओसरीवर दाणे निवडत होती. वहिनीनं फोन तिच्या डोळ्यापाशी धरला. माय आधी फोनच्या मागं बघून आली, मी तिथं उभी आहे का ते. मग पुढं आली. मी हसले की खरी मी आहे हे तिला पटेल, म्हणून हसायला गेले, तर ते जमेना. मायनं वहिनीकडं वळून विचारलं, "जुना फोटू तं नोहे?" 

मी हात हलवला. जीभ काढून दाखवली. लहानपणी तसं केलं की ती लाटणं उगारायची. तिनं सुपातले दाणे घेऊन फोनवर फेकले.

"झाला का आता जीव थंडा?" वहिनी कुणाला म्हणाली कळलं नाही. मला म्हणाली, "वाळली वो बाई तू. घे, नंबर लिही." पण तोवर नंबरची मुदत संपली होती. दुसरा मागवला. तिनं एकेक आकडा दोनदा सांगितला.

मग चेहऱ्याच्या ॲपनं कॅमेरा मागितला. 'फक्त या वेळी' दाबलं. गोलात चेहरा धरा, डोळे मिटा, उघडा. पहिल्यांदा उजेड कमी, नंतर चेहरा हलला. आक्का बाजूनं, "मिट की! उघड की!" शेवटी हिरवी खूण आली. नाव राहिलं. मी आक्कांच्या पाया पडले तर त्या म्हणाल्या, "माज्या कशाला, त्या वहिनीच्या पड." 

ते काही अजून मला जमलेलं नाही. वहिनीनं तिच्या माहेरी कुणाला काही सांगितलं असेल का, हे मला माहीत नाही. नवरा अजून इथं आलेला नाही, पण कडी मी लावतेच आणि यादीही बघते. दर सुट्टीला कॅलेंडर उतरवते, पाठीमागं नुसती भिंत येईल अशी बसते, आणि फोनला कॅमेरा देते. माय हातानं घास करून विचारते, जेवलीस का. मी ताट उचलून दाखवते. ती फोन जवळ घेऊन ताटात नीट बघते, भाजी कसली आहे ते कळल्याशिवाय सोडत नाही. मग मी परवानगी काढून घेते.